आधी शालनकडं

"शालन, त्या शहाण्याला सांग, बेअरिंगचा लॉट परत आलाय. खातं त्याचं, तर लाजही त्यालाच वाटू दे."

इंटरकॉमवर अण्णांचा आवाज नेहमीसारखा चढलेला होता. मी "सांगते" म्हटलं आणि दुसरं बटण दाबलं.

"तात्या, बेअरिंगचा लॉट परत आलाय. अण्णा म्हणतायत, तुम्ही एकदा नजर टाकली तर बरं होईल. तुमच्या नजरेतनं काही सुटत नाही."

तात्या म्हणाले, "त्याला म्हणावं, मला डोळे आहेत. शिकवू नको." पण उठले लगेच. काचेतनं मला दिसलं, चष्मा शोधत होते.

मी पहिलं बटण दाबलं. "अण्णा, तात्या लगेच बघतो म्हणाले."

"हं," अण्णा म्हणाले आणि फोन ठेवला. झालं काम.

अण्णा म्हणजे धनपाल मगदूम आणि तात्या म्हणजे सुकुमार मगदूम. सख्खे भाऊ. सांगलीच्या एमआयडीसीत त्यांचा 'चंद्रप्रभा घरघंटी' नावाचा कारखाना. घरच्या घरी दळण दळायच्या, कपाटासारख्या दिसणाऱ्या चक्क्या आम्ही बनवायचो. मी तिथली टेलिफोन ऑपरेटर, शालन कुरणे. डावीकडं अण्णांची केबिन, उजवीकडं तात्यांची आणि मधे माझं टेबल. दोन्हीकडं काचा. दिसायचं सगळं, ऐकू काही यायचं नाही. माझ्या कामाला यापेक्षा सोयीची जागा शोधूनही सापडली नसती.

कारण दोघा भावांचा अबोला होता. कशावरनं म्हणाल तर हसाल. नव्या शेडच्या उद्घाटनाला पाहुणे आणायला तात्या स्टेशनवर गेलेले. गाडीला उशीर झाला, इकडं मुहूर्त टळायला लागला, आणि अण्णांनी नारळ फोडून टाकला. तात्या पाहुण्यांना घेऊन आले तर खोबरं वाटून झालेलं. "माझ्यासाठी जरा थांबला नाहीस?" एवढं ते बोलले, ते शेवटचं. त्याला दहाएक वर्षं झाली होती. बंगला एक, चूल एक, जावा एकमेकींना सोडून देवळात जायच्या नाहीत, आणि हे दोघे मात्र जेवताना आमटी हवी असली तरी बायकोकरवी मागायचे. कारखान्यात बायका नव्हत्या. कारखान्यात मी होते.

मी पोस्टमन नव्हते बरं का. पोस्टमन पाकीट फोडत नाही. मी फोडायचे, वाचायचे, त्यातले खडे वेचायचे आणि मग पोचवायचे. आपण तांदूळ निवडतो तसं. "तो गाढव" निघाला की माझ्या तोंडातनं "तात्या" बाहेर पडायचं. "म्हातारा काय समजतो स्वतःला" याचं "अण्णांचं काय मत आहे ते विचारा" व्हायचं. फोरमन आप्पा खोत म्हणायचे, "शालनताई, तुमच्या घशात गाळणी बसवलीय काय?" मला फार आवडायचं हे काम. आपल्यावाचून कुणाचंतरी अडतंय याच्यासारखं सुख नाही, उगाच कशाला खोटं बोलू?

तर अशा त्या सुखात एक दिवस स्वरूपावहिनी आल्या. अण्णांची सून. पुण्याला शिकलेली, हुशार, आणि मुख्य म्हणजे मनानं चांगली. वाईट असती तर मला भांडता तरी आलं असतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि लॅपटॉप माझ्या फोनच्या बोर्डाशेजारी ठेवला.

"शालनमावशी, आपण आता सगळ्या टीमसाठी मेसेजिंगचं ॲप घेतोय. ऑफिस, शॉप, डिस्पॅच, गावोगाव फिरणारे मेकॅनिक, सगळे एका ठिकाणी. ज्याला जे सांगायचंय ते त्यानं थेट लिहायचं."

"आणि हा बोर्ड?"

"बोर्ड काढायचा. लाइनी जुन्या झाल्यात, रोज कुठलीतरी बंद."

"आणि बोर्डापुढची बाई?"

वहिनी जरा गोऱ्यामोऱ्या झाल्या. "पप्पा म्हणाले, तुम्हाला स्टोअरला घेऊ. पगार तोच."

स्टोअर म्हणजे मागच्या शेडमधली पत्र्याची खोली. नट, बोल्ट, वॉशर आणि उंदीर. बोलायला माणूस नाही. पगार तोच, म्हणे! पगाराचं कोण बोलतंय?

"पण ॲप कुठलं घ्यायचं ते तुम्ही ठरवायचं," वहिनी म्हणाल्या. "मी तीन निवडून ठेवलीत. कोण कुणाशी काय बोलतं हे तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. तुम्ही म्हणाल ते फायनल."

म्हणजे बघा. बोकडालाच विचारायचं, सुरी कुठली आणू! मी घरी जाऊन हे आमच्या ह्यांना सांगितलं. ते एसटीत वाहक होते, तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. म्हणाले, "तिन्ही वाईट आहेत म्हणून सांग आणि मोकळी हो."

"त्या पोरीनं विश्वासानं विचारलंय हो."

"मग भोग," असं म्हणून त्यांनी पेपर वर केला.

मी तिन्ही ॲपं मन लावून बघितली. पहिलं 'पिंगडेस्क'. दिसायला झकास, पण त्यात एका निरोपाला फांदी फुटायची, त्या फांदीला आणखी फांदी. आप्पा खोतांनी सकाळी मोटर मागितली, ती कुठल्या फांदीवर जाऊन बसली ते कुणालाच सापडेना. शेवटी आप्पा स्वतःच मोटर न्यायला चालत आले आणि म्हणाले, "ताई, पायी लवकर पोचतं." ते ॲप गेलं.

दुसरं 'टीमजोडी'. मराठीत, सुटसुटीत. सगळ्यांचा एक मोठा ग्रुप, लिहिलं की गेलं. कुणी वाचलं त्याची नावंही खाली दिसायची.

तिसरं 'सांगावा'. तेही तसंच, पण त्यात एक गंमत होती. एखाद्या ग्रुपला 'मंजुरी' लावता यायची. म्हणजे कुणीही काही लिहिलं तर ते आधी ॲडमिनकडं यायचं, ॲडमिननं वाचायचं, हवं तर दुरुस्त करायचं, आणि मग 'पाठवा' दाबायचं. तोवर ते पुढं जात नाही.

मी ते पुन्हा एकदा वाचलं. ही तर मीच होते! कुणीतरी कुठंतरी बसून मला मोबाइलमध्ये घातलं होतं. हे ॲप घेतलं असतं तर माझी खुर्ची कुठंच जात नव्हती. पण मग वाटलं, छे! त्या पोरीनं टीमसाठी निवडायला सांगितलंय आणि मी वाढपी होऊन आपल्याच ताटात दोन लाडू जास्त टाकायचे? लोक काय म्हणतील ते राहू दे, मलाच गोड लागले नसते. मी वहिनींना सांगितलं, "टीमजोडी घ्या." आणि बाथरूममध्ये जाऊन चांगली रडून आले.

पहिले दोन-चार दिवस छान गेले. मेकॅनिक लोक गावातनं फोटो टाकायचे, डिस्पॅचवाले गाडी निघाली की लिहायचे, आप्पांनी तर एकदा कारखान्यात शिरलेल्या सापाचा फोटो टाकला. माझा बोर्ड मुका झाला होता. मी टेबल पुसायचे, परत पुसायचे. स्टोअरची किल्ली मला देऊन ठेवली होती, एक तारखेपासून तिकडं.

भाऊसुद्धा लिहायला लागले. सगळ्यांना नवल वाटलं, मला नाही वाटलं. कारण अबोला म्हणजे बोलायचं नाही, ग्रुपवर लिहायचं नाही असं कुठं ठरलंय? आणि ग्रुपवर लिहिणं म्हणजे त्याला लिहिणं नव्हे, ते सगळ्यांना लिहिणं. पळवाट म्हणून झकास होती ती. अण्णांनी लिहिलं, "पिवळ्या रंगाचे पत्रे संपत आलेत." तात्यांनी लिहिलं, "पत्रे सोमवारी येतील." वहिनी माझ्याकडं बघून हसल्या. मीही हसले. मला आनंद झाला पाहिजे होता, आणि खरं सांगते, थोडा झालाही.

आणि मग मिरजेच्या एका दुकानदारानं बारा चक्क्या परत पाठवल्या. आवाज करतात म्हणून.

सकाळी अण्णांनी ग्रुपवर लिहिलं, "पुन्हा बेअरिंग. ज्याचं खातं त्यानं लाज बाळगावी."

माझा हात सवयीनं बटणाकडं गेला. हे असं जाऊ द्यायचं नसतं! याला धुवायचं असतं, पुसायचं असतं. पण ते गेलं होतं. शॉपमधल्या, डिस्पॅचमधल्या, पार जत-आटपाडीला फिरणाऱ्या मेकॅनिकच्यासुद्धा खिशात गेलं होतं. काचेतनं तात्या दिसले. फोन हातात, मान खाली. ग्रुपवर त्या ओळीखाली त्यांचं नाव उमटलं, 'वाचलं'.

उत्तर येईना. डावीकडं अण्णा खुर्चीत चुळबुळत होते. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा लिहिलं, "वाचून गप्प बसणाऱ्याला काय म्हणावं?"

आता तात्यांनी लिहिलं. "स्वस्तातलं बेअरिंग कुणी घ्यायला लावलं ते आधी सांगावं. मी नको म्हणालो होतो."

"मला कुणी नको म्हणालं नव्हतं."

"निरोप दिला होता. म्हातारपणी ऐकू कमी येतं."

शॉपमधली मशिनं एकेक करून बंद झाली. सगळे फोन घेऊन उभे. आप्पा खोतांनी कुणाचाच राग नको म्हणून दोघांच्याही ओळींना अंगठा दिला. ते बघून दोघेही आप्पांवर भडकले. आप्पांनी अंगठे काढून घेतले.

आणि मग अण्णांनी लिहिलं, "तोंडावर एक आणि ग्रुपवर एक! परवापर्यंत निरोप यायचे, 'अण्णांनी ठरवलंय म्हणजे विचार करूनच ठरवलं असेल.' ते कुठं गेलं?"

"असलं मी कधी म्हणालो नाही."

"माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रोज चौकशी करत होतास. तेही म्हणालो नाही म्हण."

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तात्यांचं उत्तर आलेलं होतं. "मी चौकशी केली नव्हती. तूच माझ्या पोरीच्या लग्नात सांगून पाठवलंस, 'पोरगी आपली आहे, मी आहे मागं.' ते ध्यानात ठेवून इतके दिवस मी सोसतोय."

"मी? मी कधी सांगितलं?"

त्यानंतर ग्रुपवर काही आलं नाही. मग मान वर करून बघितलं, तर डावीकडच्या काचेतनं अण्णा माझ्याकडं बघत होते, उजवीकडच्या काचेतनं तात्या, आणि समोर शॉपच्या दारात आप्पांसकट सगळी पलटण. मुका झालेला माझा बोर्ड एकदम वाजला. दोन्ही दिवे एकाच वेळी लागले होते.

मीटिंगच्या खोलीत टेबलाच्या एका टोकाला अण्णा, दुसऱ्या टोकाला तात्या, मधे मी. वहिनी दाराशी उभ्या, बिचाऱ्या रडायच्या बेतात.

"शालन," अण्णा म्हणाले, "ऑपरेशनच्या वेळी रोज सकाळी तुझा फोन यायचा. तात्या विचारतायत, दुखतंय का, झोप लागली का. कोण विचारत होतं?"

"मी विचारत होते."

"खोटं बोललीस?"

"अजिबात नाही!" मलाही आता चेव आला. स्टोअरला तर जायचंच होतं, मग भ्यायचं कशाला? "तात्या, तुम्ही त्या दिवसांत रोज आलात की आधी कुठं बघायचात? अण्णांच्या रिकाम्या केबिनकडं. मग माझ्या टेबलाशी उगाच रेंगाळायचात. 'शालन, कुठून फोनबिन?' सकाळी आठला कुणाचे हो फोन येतात? आणि मी म्हटलं, आज अण्णांना बरं आहे, की लगेच 'मी कुठं विचारलं' म्हणून आत जायचात. तुम्ही विचारत होता. तोंड उघडायचं तेवढं राहिलं होतं. ते मी उघडलं."

तात्या टेबलावरच्या पेनाकडं बघत राहिले.

"आणि अण्णा, तुम्ही. लग्नात वरातीत नव्हता, फोटोत नव्हता. कुठं होता? आचाऱ्याच्या उरावर! जैनांच्या पंगती त्या, दिवस मावळायच्या आत उठल्याच पाहिजेत, व्याह्यांचा कुणी उपाशी राहिला तर आपल्या पोरीला ऐकावं लागेल, म्हणून दिवसभर चुलाण्याशी उभे होता. सदरा तुपानं माखलेला. मी स्वतः बघितलं. याचं मराठीत काय होतं? 'पोरगी आपली आहे, मी आहे मागं,' असंच होतं ना? की दुसरं काही होतं? असेल तर सांगा, मी माफी मागते."

वहिनींनी डोळ्याला पदर लावला होता.

अण्णा म्हणाले, "बेअरिंग नको असं हा म्हणाला होता? ते का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. 'तात्यांना वाटतं, अजून एकदा विचार करावा.' तुम्ही म्हणालात, केलाय विचार."

"तो नेमकं काय म्हणाला होता?"

मी तात्यांकडं बघितलं. ते म्हणाले, "सांग की आता."

"म्हणाले होते, 'त्याला सांग, हे बेअरिंग घेतलं तर गिऱ्हाईक जोड्यानं मारेल.'"

अण्णांनी मान हलवली. "असं सांगितलं असतंस तर कदाचित ऐकलं असतं."

हे मात्र मला लागलं. खरंच लागलं. तांदूळ निवडता निवडता कधी दाणाही फेकला जातो, हे मला त्या दिवशी कळलं.

मग अण्णा उठले आणि त्यांच्या केबिनमध्ये गेले. तात्या उठले आणि त्यांच्या केबिनमध्ये गेले. एकमेकांकडं बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, संपलं. कारखाना दोन होणार, बंगल्यात भिंत येणार, आणि मी स्टोअरमध्येही राहत नाही आता. संध्याकाळी घरी आले तर ह्यांनी माझं तोंड बघून न विचारता चहा टाकला. इतक्या वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच घडलं, यावरनं माझं तोंड कसं झालं असेल ते समजा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलाचा खण आवरत होते. अण्णा आले. नेहमी थेट केबिनमध्ये जाणारा माणूस माझ्यापुढं उभा राहिला.

"शालन, ती तीन होती ना? ॲपं? स्वरूपा म्हणाली, एकात आधी तुझ्याकडं येतं म्हणे."

"हो. सांगावा."

"मग ते का नाही निवडलंस?"

"माझी खुर्ची वाचली असती म्हणून."

अण्णा म्हणाले, "येडी आहेस. ते घे. आमच्या ऑफिसच्या ग्रुपला तसलं लाव. मी लिहिणार, तू बघणार, मग पुढं. माझ्या हाताला लगाम नाही." दोन पावलं जाऊन परत वळले. "त्याच्या नावचं खोटं का असेना, ऑपरेशनच्या वेळी ते ऐकून मला झोप लागायची. आणि हे बघ, मी म्हणालो असं त्याला सांगू नको."

मी "नाही सांगत" म्हटलं.

अण्णा आत जाऊन बसले न बसले तोच बोर्डावर उजवा दिवा लागला.

"शालन," तात्यांचा आवाज एकदम हळू, "ते मंजुरीवालं कुठलं असतं म्हणे. ते बघ. मी लिहिलेलं आधी तू वाच. मला काल 'म्हातारपणी' असं लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं. जेवण गेलं नाही रात्री."

"बघते, तात्या."

"त्याला कळू देऊ नको मी म्हणालो म्हणून."

"नाही कळू देत."

मी फोन ठेवला आणि हसायला लागले ते मला आवरेना. वहिनी धावत आल्या. "काय झालं मावशी?"

"सांगावा घ्या," मी म्हटलं. "दोन्ही मालकांचं एकमत झालंय."

"एकमत? बोलले दोघं?"

"छे हो, बोलताहेत कसले! वेगवेगळं झालंय. पण एकमत आहे."

स्टोअरची किल्ली मी वहिनींना परत दिली. बोर्ड गेला, त्या जागी एक चांगला मोठा स्क्रीन आला. शॉपचा आणि मेकॅनिकांचा ग्रुप मोकळा ठेवला, तिथं माझं काही काम नव्हतं. मंजुरी लावली ती फक्त 'ऑफिस' या छोट्या ग्रुपला: अण्णा, तात्या, वहिनी आणि मी. एक गोष्ट मात्र मी बदलली. बेअरिंगनं मला शिकवलं होतं. आता शिव्या काढायचे, पण मुद्दा ठेवायचे. "गिऱ्हाईक जोड्यानं मारेल" याचं "गिऱ्हाईक फार चिडेल, हे बेअरिंग नको" व्हायचं. बेअरिंग बदललं, मिरजेच्या दुकानदाराला नव्या चक्क्या गेल्या.

अण्णा कधीकधी लिहायचे, "शालन, याला त्याच्या चुकीबद्दल सुनाव, पण तुझ्या पद्धतीनं." तात्या तर नुसतं "राग आलाय, काहीतरी लिही" एवढंच टाकायचे आणि मजकूर माझ्यावर सोडायचे. मी दोघांच्याही वतीनं भांडायचे आणि दोघांच्याही वतीनं माघार घ्यायचे. घरी येऊन ह्यांना म्हणायचे, "आज मी मला चांगलंच झापलं." ते म्हणायचे, "बरं झालं, कुणीतरी झापलं."

आता मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पण सांगावा आला त्या वर्षीच्या हिवाळ्यातली एक सकाळ मला अजून लख्ख आठवते.

नुकतीच येऊन बसले होते. स्क्रीनवर तात्यांचा निरोप मंजुरीला आलेला दिसला. उजवीकडं बघितलं तर तात्या गालाला रुमाल लावून बसलेले. मी निरोप उघडला, खडे वेचायच्या तयारीनं.

"अण्णा, रात्रीपासून दाढ दुखालीय. तू मागं ज्या डॉक्टरकडं गेलेलास त्याचं नाव काय?"

मी वाचलं. पुन्हा वाचलं. त्या डॉक्टरांचं नाव, पत्ता, फोन, सगळं मला पाठ होतं. अण्णांची वेळ मीच घेतली होती, आणि तात्यांना ते पक्कं माहीत होतं. नुसतं दार उघडून "शालन" म्हणाले असते तरी काम झालं असतं. त्यांनी ते केलं नव्हतं. आणि मीच मधे पडून ते नाव सांगून टाकलं असतं, तर माझी खुर्ची माझीच राहिली असती.

मी एक अक्षर बदललं नाही. 'पाठवा' दाबलं.

डावीकडं अण्णांचा फोन उजळला. त्यांनी चष्मा चढवला, वाचलं, आणि मला वाटलं आता उत्तर टाइप करतील. त्यांनी फोन टेबलावर ठेवला. उठले. केबिनच्या बाहेर आले, माझ्या टेबलावरनं माझ्याकडं न बघता पुढं गेले आणि उजवीकडचं दार ढकललं.

"कुठली दाढ?" ते म्हणाले. "वरची की खालची?"